दादाची जागल

आमच्या गावात रब्बीची ज्वारी दाण्यावर आली की माणसांच्या झोपेचे हाल सुरू व्हायचे. शिवार जंगलाला लागून होतं. रानडुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी उभं पीक भुईसपाट दिसायचं. म्हणून घरटी एक गडी रात्रीच्या जागलीला जायचा. शेताच्या मधोमध चार बल्ल्यांवर फळ्या टाकून उंच माळा बांधलेला असायचा, आणि वर बसणाऱ्याजवळ गोफण आणि तेलाचा रिकामा डबा. एकानं डबा बडवला की शेजारच्या शेतातल्यानं बडवून उत्तर द्यायचं, त्याचं ऐकून त्याच्या पुढच्यानं. त्यानं डुकरंही पळायची आणि कोणाला डुलकीही घेता यायची नाही. ज्याचं उत्तर आलं नाही त्याची दुसऱ्या दिवशी पारावर चांगली हजेरी घेतली जायची.

हे मी ऐकलेलं सांगते, कारण रात्रीची जागल बाप्यांची. आम्हा मुलींचं काम उजाडल्यावर, पाखरं हाकायचं. पण अर्धवट उजेडात ज्वारीची ताटं हलवत कोणी पुढं आलं तर वरचा माणूस गोफण फिरवणार हे नक्की. त्यामुळे आम्ही बांधावर थांबून आपल्याजवळचा डबा वाजवायचो, आणि तो संथ वाजवायचो. रात्रीचा डबा घाईचा, कानठळ्या बसवणारा. सकाळचा सावकाश, एक ठोका पुरता विरू द्यायचा आणि मग दुसरा. याचा अर्थ लहान लेकरालाही कळायचा: मी आलो, आता तू उतर. तो ऐकल्याशिवाय माळा सोडायचा नाही अशी गावाची रीत होती आणि ती बाबांसारखी कडक माणसं प्राणपणानं पाळायची.

तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आम्ही. घरात मराठी, शाळेत तेलुगू, तहसिलीच्या कागदावर अजून निजामाच्या वेळची उर्दू. माझा भाऊ, माझ्याहून थोडासाच मोठा, आदिलाबादला डिग्रीला होता. दुसऱ्या वर्षाला तो ट्रंक घेऊन घरी आला आणि परत गेलाच नाही. का आलास, तर म्हणाला, तिथं लोक फार बोलतात. बाबा म्हणाले, बरं झालं, कापूस वेचायला माणूस नाही. त्या हंगामापासून तो जागलीला जाऊ लागला.

आणि काय सांगू, गावानं त्याला डोक्यावर घेतलं. डुलकी नाही, जांभई नाही. त्याचा डबा कधी चुकायचा नाही. ज्याला ताप आहे, ज्याच्या घरी पाहुणे आहेत, ज्याचं नुकतंच लग्न झालंय, अशा सगळ्यांच्या पाळ्या दादाच करू लागला. पारावरची माणसं आपापल्या पोरांना त्याचं उदाहरण द्यायची. बाबा एरवी कौतुक करण्यात महाकंजूस, पण तेही मिशीत हसायचे.

मला मात्र ते खटकायचं, कारण सकाळी त्याला उतरवायला मीच जायचे. बाबा जागलीला असले की डबा वाजल्यावर डोळे चोळत, कमरेवर हात देत, कोणाला तरी शिव्या घालत उतरायचे आणि घरी जाऊन घोडे विकून झोपायचे. दादा टुणकन उडी मारून उतरायचा. डोळे लख्ख. जेवायचा, बैलांना पाणी दाखवायचा, परत शेतात. मी मायला म्हटलं, हा झोपतो तरी कधी? माय म्हणाली, जवान पोरगा हाय, त्याले काय होते. आमच्याकडं झोप लागणं हा आळस आणि न लागणं हा गुण. असल्या गुणापायी माणूस हातचा जाऊ शकतो हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी तो जेवता जेवता ताटावरून उठला, छपरावर चढला आणि डबा बडवायला लागला. आम्ही सगळे अंगणात जमलो. बाबांनी विचारलं, काय झालं रे? तो म्हणाला, उत्तर देऊन राह्यलो, कवाचे बोलावून राह्यले ना. शिवारात चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या आत्याबाई तर हसल्या आणि म्हणाल्या, पोराले जागलीचा नाद लागला. पुढं ते रोजचंच झालं. डबा वाजतो, डब्यातून निरोप येतात, शेजारच्या शेतातला म्हातारा डब्यावाटे त्याला नावं ठेवतो, असं तो सांगू लागला. त्याच म्हाताऱ्याच्या अंगावर तो एकदा विळा घेऊन धावला, तेव्हा कुठं गावाचं कौतुक आटलं.

आधी बासरला नेलं. लहानपणी तिथंच, सरस्वतीपुढं, त्याच्याकडून तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. मायचं म्हणणं, जिथून डोकं चालू झालं तिथंच ते ठिकाणावर येईल. देवळातली घंटा वाजली की दादा मांडीवर थाप मारून उत्तर द्यायचा. गोदावरीत आंघोळ झाली, प्रसाद झाला, आणि परतीच्या बसमध्ये त्यानं ड्रायव्हरच्या हॉर्नलाही उत्तरं दिली. मायनं पदर तोंडात धरला होता. रडत होती की हसत, ते मी निरखून बघितलंच नाही.

शेवटी नागपूर. तिथले डॉक्टर मराठी बोलणारे, हा केवढा तरी आधार वाटला. त्यांनी दादाला बराच वेळ बोलतं केलं, मग मला आणि बाबांना बसवून आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. बाबांना ते उच्चारता येईना, तेव्हा ते मी लक्षात ठेवायचं असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. कशाकडं लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात. याच्या मेंदूत त्याचा तोल गेला आहे, म्हणून पान हललं तरी त्याला त्यात काहीतरी मतलब दिसतो. मी त्यांना विचारलं की झोपेचं काय? मला तेवढंच विचारायचं होतं.

त्यांनी कागदावर रेघा काढून दाखवल्या. जागेपणी मेंदूच्या लाटा बारीक आणि घाईच्या असतात. झोप लागली की त्या मंद होत जातात, आणि झोपेच्या अगदी तळाशी गेलं की मोठ्या आणि संथ होतात. माणूस खरा ताजातवाना होतो तो तिथं. या आजारात बऱ्याच जणांची नेमकी ती तळाची झोपच कमी पडते. का, ते म्हणाले, आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही. आजारामुळं झोप बिघडते आणि झोप बिघडली की आजार वाढतो, एवढं मात्र आम्ही रोज बघतो. गोळीनं आवाज कमी होतील, झोपही लागेल, पण ती प्रत्येक वेळी खोल असेल असा शब्द मी देत नाही. त्या संथ रेघा बघताना माझ्या कानात सकाळचा डबा वाजत होता. डॉक्टरांना जागल काय ते बाबांनी समजावून सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत पुढं झुकले.

"जागल बंद," ते म्हणाले. "या हंगामापुरती नाही, कायमची. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

बाबांनी मान हलवली. गोळी त्यांना पटली. जागलीचं पटलं नाही, हे मला त्यांच्या मानेवरूनच कळलं.

गोळ्यांनी आवाज हळूहळू मागं सरले. दादा झोपू लागला. पण कसली ती झोप! कापसाचं बोचकं टाकावं तसा पडायचा, दिवस वर आला तरी उठायचा नाही, आणि उठला की चेहरा रात्रभर नांगर धरल्यासारखा. मी विचारायचे, झोप लागली का? तो म्हणायचा, "पडलो होतो बाई. झोप नाई झाली." हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं. पण तो भांडत नव्हता, कोणावर धावून जात नव्हता, आणि क्वचित मला तेलुगूचा धडाही समजावून सांगायचा. माझ्या दृष्टीनं ती लॉटरी होती. मला एवढंच हवं होतं की हा असाच, थोडा मंद का होईना, आपल्यात राहावा.

गावाला ते मान्य नव्हतं. ज्यानं सगळ्यांसाठी जागरणं केली त्याला आता पोरंटोरं कुंभकर्ण म्हणू लागली. पुढच्या हंगामात जागलीच्या पाळ्या लागल्या तेव्हा आमच्या घराचं नाव आलं की माणसं ते गाळून पुढं सरकायची. त्यांना वाटायचं आपण समजूतदारपणा करतोय. बाबांना ते तोंडात मारल्यासारखं वाटायचं, म्हणून ते खोकला घेऊन स्वतः माळ्यावर जायचे. दादा ओसरीवर बसून त्यांची घोंगडी झटकून द्यायचा आणि त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा. ते बघणं मला सोसायचं नाही. मी आत जाऊन भांडी आपटायचे.

त्यानंतरच्या वर्षी मला टीचर ट्रेनिंगला जागा मिळाली आणि मी आदिलाबादच्या होस्टेलवर गेले. संक्रांतीला घरी आले तर दादा अंगणातच भेटला. अंगानं वाळलेला, पण डोळे लख्ख. हात थरथरत नव्हते. त्यानं माझी पिशवी हिसकावून घेतली, तिळगूळ मागितला, मेसच्या जेवणावरून चिडवलं. इतका तो हसला की मी आनंदून जायला हवं होतं. मला मात्र त्या डोळ्यांची ओळख होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि मायला विचारलं, गोळ्या?

माय चुलीकडं तोंड करून बसली होती. हळूहळू सगळं कळलं. बाबांचा खोकला वाढला होता, माळ्यावर चढताना धाप लागायची. ते बघून पारावरची चार जाणती माणसं सकाळीच घरी आली. ओसरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, पोरगा आता चांगला झाला, त्याची पाळी त्याले परत द्या. बाबांचे डोळे भरून आले म्हणे. दादा तर उठून एकेकाच्या पाया पडला. आता गोळी घेऊन जागल होत नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की ज्वारी खळ्यावर येईपर्यंत गोळ्या ठेवून द्यायच्या आणि मग परत सुरू करायच्या. बैलाची वेसण घटकाभर ढिली करावी, इतक्या सहज त्यांनी हे ठरवलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मायला नाही नाही ते बोलले. डॉक्टरांनी रेघा काढून दाखवल्या, ते काय आमची करमणूक म्हणून? मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो हसून राह्यला ना बाई. किती दिसांनी हसला. मी काऊन बंद करू त्याचं हसणं?"

वाईट चिंतणारं कोणी असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. इथं सगळे त्याच्या मानासाठी झटत होते. बाबांपाशी गेले, तर ते म्हणाले, ज्वारी निघाली की मी सोता नागपूरला नेतो. दादापाशी गेले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आवाज येते थोडे, पण आता ते माझे ऐकतेत. मी सुट्टी संपली तशी गेले. जाताना रस्त्यात शिवार दिसत होतं. ज्वारी डोक्याएवढी आणि आमच्या माळ्यावर भर दिवसा तो बसलेला.

ज्वारी सोंगून झाल्यावर घरून निरोप आला, असशील तशी ये. बसमधून उतरले ती थेट शेतात गेले, कारण अर्धं गाव तिकडंच चाललं होतं. शेत कापलेलं. कणसं खळ्यावर गेलेली, कडब्याच्या पेंढ्याही हलवलेल्या. नुसती धसकटं, आणि मधोमध तो माळा. बाकीच्या शेतांतले माळे केव्हाच उतरवले होते. आमच्यावर दादा होता. उन्हात बसून डबा बडवत होता, थांबून कान देत होता आणि परत बडवत होता. त्या हंगामात आमच्या बांधात एकही डुक्कर शिरलं नव्हतं, हे मला तिथं उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी आवर्जून सांगितलं.

खाली कोणी गेलं की तो गोफण मारायचा. एका काकांच्या खांद्याला धोंडा लागला होता. भाकरी घेऊन गेलेल्या मायलाही त्यानं ओळखलं नाही. बाबा बांधावर उकिडवे बसले होते, डोकं गुडघ्यांत घालून. माणसं म्हणत होती, चारी बाजूंनी घुसू, दोरानं बांधू आणि खाली घेऊ. दोर आणलाही होता, बैलगाडीचा जाडजूड. ती माणसं तीच, जी आमच्या ओसरीवर चहा पिऊन गेली होती. मला एकदम दिसलं की यांनी त्याला बांधलं तर तो पुन्हा कधी कोणाच्या हाताला लागणार नाही, माझ्यासुद्धा. उरलासुरला भाऊही मग संपला.

मी दोर धरलेल्या माणसाला म्हटलं, थांबा. मग विचारलं, याले कोणी उतर म्हटलं का? ते म्हणाले, काल सकाळपासून बोंबलून राह्यलो, बाई. मी म्हटलं, बोंबललं ते सोडा, डबा कोणी वाजवला का सकाळचा? कोणी वाजवला नव्हता. त्यांनी तरी कशाला वाजवला असता? पीक निघाल्यावर राखणीला यायचं कोणी आणि उतरायचं कोणी? पोरीही पाखरं हाकायला येत नव्हत्या. सगळ्यांच्या पाळ्या त्यानं केल्या होत्या, आणि त्याची पाळी संपली हे सांगायला कोणी आलं नव्हतं.

खळ्यावरून एक डबा आणायला लावला. बांधावर ज्या जागी मी लहानपणी थांबायचे तिथं उभी राहिले. पहिला ठोका घाईतच पडला आणि दादानं चटकन गोफण उचलली. मी श्वास घेतला. दुसरा सावकाश मारला, तो विरू दिला. मग पुढचा. मागं कोणीतरी कुजबुजलं, त्याला बाबांनी गप्प केलं. मी वाजवत राहिले. ऊन चांगलंच तापलं होतं, आणि मी उजाडल्याचा डबा वाजवत होते.

दादानं गोफण खाली ठेवली. बराच वेळ माझ्या दिशेनं बघत राहिला. मग आपला डबा माळ्यावर नीट पालथा घातला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि उतरला. उडी मारली नाही. बाबांसारखा एकेक पाय चाचपत उतरला. जवळ येऊन म्हणाला, "किती उशीर केला बाई."

मी त्याला धरून तिथंच रडले, सगळ्यांसमोर. दोर ज्याचा होता तो माणूस घेऊन गेला.

पुढचं थोडक्यात सांगते. नागपूरला डॉक्टर आम्हाला रागे भरले नाहीत, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. गोळ्या परत सुरू झाल्या, मात्रा वाढली. आवाज या वेळी पूर्ण गेले नाहीत. पहिल्या खेपेला जो मंद का होईना, तेलुगूचा धडा सांगणारा भाऊ मला परत मिळाला होता, तो काही आला नाही. बाबा नंतर फार जगले नाहीत. मायनं गोळ्यांची एकही वेळ मग चुकवली नाही, अगदी स्वतः अंथरुणाला खिळेपर्यंत. ती गेल्यावर मी दादाला आदिलाबादला माझ्या घरी आणलं. माझं लग्न झालं नाही. लोक म्हणतात दादामुळं. खरं कारण माझी जीभ आहे, पण लोकांना कशाला दुखवा.

संध्याकाळी जेवणं झाली की तो गोळी हातात घेऊन पलंगावर बसतो आणि माझ्याकडं बघतो. मी पिठाचा रिकामा डबा घेते आणि संथ वाजवते. एक ठोका, तो विरतो, मग दुसरा. शेजाऱ्यांना सवय झाली आहे. तेव्हाच तो गोळी घेतो आणि आडवा होतो. नुसतं पाणी पुढं केलं तर बसून राहतो.

परवा डबा वाजवून मी तो खाली ठेवत होते. माझी शाळेची दगदग, त्यात पाठ दुखत होती, तर कमरेवर हात दिला असेल. तो पडल्या पडल्या बघत होता. एरवी दिवसाकाठी चार शब्दही बोलत नाही.

"आन तुले कोण उतरवते, बाई?" तो म्हणाला.

मी त्याच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि दिवा मालवला. त्यानं डोळे मिटून घेतले होते. ती झोप होती की नुसतं पडणं, इतकी वर्षं शेजारच्या खोलीत काढूनही मला ओळखता येत नाही.